घरी ठेवायचं, हे कुणी ठरवलं?

  

विशेष मुलांचे शिक्षक, थेरपिस्ट आणि पालक यांच्या या संमेलनात अध्यक्षांकडून कामाचा आढावा मागितला आहे, तो असा. मुंबईत 1944 साली जय वकील शाळा निघाली, पुण्यात 1964 साली कामायनी, मुंबईतच 1972 साली मिठू अलूर यांची स्पॅस्टिक्स सोसायटी, नाशिकला 1977 साली रजनी लिमये यांची प्रबोधिनी. सरकारी योजनेची वाट न पाहता, स्वतःच्या पोटच्या मुलासाठी दुसरी वाट सापडली नाही म्हणून यांतली काही माणसं या कामात उतरली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. बाकीचं स्मरणिकेत छापलं आहे.

आज अध्यक्षांच्या या खुर्चीत बसवलेल्या बाईला बोलायचं आहे ते वेगळंच. तिची नोकरीची वर्षं विशेष शाळेच्या वर्गात गेली, आणि 2020 सालापासून एक प्रश्न तिच्या घशाशी अडकला आहे. टाळेबंदीत या मुलांना घरी ठेवायचं, हे नक्की ठरवलं कुणी?

उत्तर सगळे देतील: सरकारने. खरं आहे. मार्चच्या मध्यावर शाळा बंद झाल्या, 24 मार्चला रात्री आठ वाजता देशभरची टाळेबंदी जाहीर झाली. कोविडची साथ नवी होती, कुणालाच काही ठाऊक नव्हतं. पहिल्या पंधरवड्याबद्दल कुणाशी भांडण नाही. भांडण पुढच्या महिन्यांबद्दल आहे.

त्याच आठवड्यात इंग्लंडमध्येही शाळा बंद झाल्या. पण सरसकट नाही. 23 मार्चपासून अत्यावश्यक सेवेतल्या पालकांची मुलं आणि 'जोखमीतली' मुलं यांच्यासाठी दारं उघडी राहिली. ज्यांच्या शिक्षण, आरोग्य आणि देखभालीचा कायदेशीर आराखडा तयार आहे अशी विशेष गरजांची मुलं या जोखमीच्या गटात होती. मूल शाळेत आलं तर धोका किती, आणि घरीच राहिलं, आराखड्यातले उपचार आणि आधार थांबले, तर धोका किती, हे शाळेने आणि स्थानिक प्रशासनाने पालकांशी बोलून प्रत्येक मुलापुरतं तोलायचं होतं. लंडनजवळच्या एका विशेष शाळेत मदतनीस असलेली आपलीच एक जुनी सहकारी फोनवर सांगायची, की आया रडत रडत बोलायच्या, पण त्यांचं ऐकून लिहून घ्यायला समोर माणूस असायचा.

तिकडे रामराज्य होतं असं कुणी समजू नये. 1 मे 2020 रोजी तिथल्या सरकारने आराखडा पाळण्याचं बंधन सैल करून 'शक्य तेवढे प्रयत्न' एवढ्यावर आणलं, आणि ते जुलैअखेरपर्यंत तसंच राहिलं. दार उघडं असूनही अनेक मुलं घरीच राहिली. कुणी भीतीने, कुणी शाळेनेच हळूच सुचवलं म्हणून. पण या मुलाला धोका कुठे जास्त, हा प्रश्न विचारला गेला होता, कागदावर. आपल्याकडे तो विचारलाच गेला नाही.

बाहेर फिरण्याचंच पाहा. फ्रान्समध्ये अध्यक्ष मॅक्रों यांनी 2 एप्रिलला ऑटिझम असलेल्यांसाठी बाहेर पडण्याचे नियम सैल केले. इंग्लंडमध्ये दिवसातून एकदाच व्यायामाला बाहेर पडा असं सांगणं होतं. कायदेशीर आव्हान दिल्यावर 8 एप्रिलला सूचना बदलली, गरज असलेल्यांना जास्त वेळा जाता येऊ लागलं. आपल्याकडेही केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने 26 मार्चलाच सूचना काढल्या होत्या, त्यांत काळजीवाहकांना पास देण्याचं होतं. कागद चांगला होता, पण चौकातल्या हवालदारापर्यंत तो पोचला नाही. शाळेतल्या एका ऑटिस्टिक मुलाचे वडील पहाटे पाचला त्याला सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारायला न्यायचे. चौदा वर्षांचा, अंगाने भरलेला मुलगा, फेऱ्या झाल्या नाहीत तर दिवसभर डोकं भिंतीवर आपटणारा. सेक्रेटरींनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला. वडिलांनी फेऱ्या बंद केल्या. पुढे त्याच्या गोळ्यांचा डोस वाढवावा लागला.

सकाळच्या सत्रात एक निबंध वाचला गेला: 'आईच पहिली शिक्षिका, टाळेबंदीचं वरदान'. टाळ्याही पडल्या. निबंध वाचणाऱ्या मॅडम अभ्यासू आहेत, त्यांच्या तक्त्यांत चूक नसेल. पण टिटवाळ्याच्या चाळीतल्या एका मुलीची गोष्ट त्यांनी ऐकावी. वय अकरा, सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पायांत ताठरपणा. शाळेत रोज स्टँडिंग फ्रेममध्ये उभी राहायची, मग मांडीच्या मागचे स्नायू ताणून घेतले जायचे. मार्चमध्ये शाळेला कुलूप लागलं आणि फ्रेम आत राहिली. आई चार घरची धुणीभांडी करायची, ती कामं सुटली. मुलगी दिवसभर खाटेवर, पाय दुमडून. आईच्या मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ मात्र इमाने इतबारे येत होते. दिवाळीपर्यंत टाचा जमिनीला टेकेनात, कॅलिपर चढेना. या मुलीला घरी ठेवणं कदाचित बरोबरच होतं. आजीला दमा, खोली एकच. पण फ्रेम एका टेम्पोत घालून घरी पाठवता आली असती. तिची मागणी करणारा अर्ज शाळेच्या बाईंनी लिहिला होता. वरून उत्तर आलं, की शासकीय साहित्य शाळेबाहेर नेता येत नाही.

आई शिक्षिका असते, कबूल. ती फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, आया, स्वयंपाकीण आणि मोलकरीण एकदमच असावी, आणि वर तिला वरदान मिळालं म्हणावं?

आता दुसरी बाजू, म्हणजे इथे बसलेल्या काहींना राग येईल ती. शाळा उघडल्यावर डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलाला आईने तरीही पाठवलं नाही. आपल्या स्टाफरूममध्ये तिला 'जास्तच जपणारी' ठरवलं गेलं. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा काही ना काही दोष असतो. या मुलाची शस्त्रक्रिया झालेली, दर पावसाळ्यात छाती भरायची. आईचं बरोबर होतं. हजेरीपटाला ते पटत नव्हतं, एवढंच.

म्हणजे एकाला बाहेर काढायला हवं होतं, एकीला घरी ठेवून साहित्य पोचवायला हवं होतं, एकाला खरोखर घरीच जपायला हवं होतं. निदान पाहून हे कळत नाही. यूडीआयडी या दिव्यांग ओळखकार्डावरच्या टक्केवारीवरून तर मुळीच नाही. मूल रात्री झोपतं का, त्याला उचलायला घरात कोण आहे, फिटच्या गोळ्या किती दिवस पुरतील, हे कार्डावर नसतं.

आपल्या राज्य सरकारने मात्र शाळा उघडताना इयत्ता पाहिली. नववी ते बारावी 23 नोव्हेंबर 2020 पासून, पाचवी ते आठवी 27 जानेवारी 2021 पासून, तीही जिल्ह्याजिल्ह्यांत पुढेमागे. आपल्या बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत इयत्ता कुठली? तिथे प्री-प्रायमरी, प्रायमरी, प्री-व्होकेशनल असे गट. शिवाय त्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे नव्हत्या, सामाजिक न्याय विभागाकडे होत्या. स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर 2022 मध्ये आला. एका खात्याचं परिपत्रक दुसऱ्या खात्याच्या शाळेला लागू होतं की नाही, हे विचारत मुख्याध्यापक फोन फिरवत राहिले. आणि पालकांच्या हातात संमतीपत्र. त्यावर सही करायला जागा होती, कारण लिहायला नव्हती.

पैशाचं एका वाक्यात: टाळेबंदीत केंद्राने दिव्यांगांना दिलेले हजार रुपये निवृत्तिवेतन योजनेतून आले, आणि त्या योजनेत अठरा वर्षांखालचं मूल बसतच नाही.

आता जुनं भांडण, समावेशक शाळा की विशेष शाळा. ते आज मिटणार नाही. पण शिक्षण हक्क कायद्यातल्या 2012च्या दुरुस्तीने तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. निवडण्याचा. टाळेबंदीनंतर मात्र काही शाळांना मुलं घरी असण्याची सवयच लागली. "तुमचा हक्क आहे ना, घरीच राहू दे," असं एका आईला गेटवर सांगितलं गेलं. दोन्ही पंथांच्या विद्वानांनी आधी त्या गेटवर जाऊन उभं राहावं.

करायचं काय, हे विचारणार. दर जूनमध्ये प्रत्येक मुलाचा एक पानी कागद पालक आणि शिक्षकांनी मिळून भरावा: शाळा पंधरा दिवस बंद पडली तर या मुलाचं काय होईल, काय लागेल, कोण आणून देईल. साथ येवो, पूर येवो. 2016च्या कायद्याचं कलम 8 आपत्तीच्या वेळी दिव्यांगांना समान संरक्षण द्यायला सांगतंच. साहित्य घरी नेण्याची परवानगी दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडून आधीच मिळवावी. त्यासाठी समिती नेमावी, तिची नावं संध्याकाळपर्यंत ठरतील. खर्चाचं, जिल्हानिहाय जबाबदारीचं पुढे बघू. कागदाचा कच्चा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. जेवणानंतर त्यावर आधी पालकांनी लिहावं, मग शिक्षकांनी.