लेकीवर घातलेला आळ



मघाशी भरीत-पुरी खाताना एकीनं विचारलं, "तुझी पडलेली दाढ परत कशी उगवली गं?" उगवली नाही, बसवली. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर टोपी. १९६५ मध्ये स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी तो पहिल्यांदा माणसाला बसवला.

दाढ गेली ती गरोदरपणात. पाचव्या महिन्यात हिरड्यांतून रक्त येई, दाढ ठणके. घरातल्या बायका म्हणाल्या, "बाळ कॅल्शियम ओढतं, एका बाळंतपणाला एक दात जातोच." इंजिनिअर असून मी मान डोलावली! बाळ दातांतून काही घेत नाही. हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, उलट्यांच्या आम्लानं दात झिजतात. चौथा ते सहावा महिना उपचाराला सगळ्यात सोयीचा. तेव्हाच भूल देऊन दाढ वाचवता आली असती. इम्प्लांट मात्र बाळंतपणानंतरच. स्क्रू हाडात पक्का व्हायला मला चार महिने लागले.

आपल्यापैकी काहींच्या लेकी-सुना आता त्या वयाच्या आहेत. पहिल्या तपासणीच्या वेळीच दातांच्या डॉक्टरांकडेही न्या. उलटीनंतर लगेच ब्रश नको, आधी पाण्यानं चूळ. आणि मिसरी घरातून काढाच.

माझी लेक मागच्या रांगेत बसलीय. दाढ तिनं खाल्ली, असं तिला वर्षानुवर्षं ऐकवलंय मी. तिची माफी मागते आणि बसते.