आकाशातून खाली पाहणारी दुर्बीण

श्रोतेहो, आपण रात्री अंगणात निजलेले असतो, तेव्हाही आपल्या अंगावर एक न दिसणारा पाऊस पडत असतो. त्याला विश्वकिरण म्हणतात. १९१२ साली व्हिक्टर हेस फुग्यातून पाच हजार मीटरांवर गेले आणि हे किरण जमिनीतून नव्हे, वरून येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

यांतला एखादा कण मोठा विलक्षण असतो. १९९१ साली अमेरिकेत यूटा येथे असा कण नोंदला गेला. पाच किलो ज्वारीची पिशवी एक मीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी त्या अणूहून बारीक कणात होती! तो आला कोठून? हे कोडे अजून सुटलेले नाही.

कारण असे कण फार दुर्मिळ. एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत जेमतेम एक! म्हणून अर्जेंटिनात ३,००० चौरस किलोमीटर माळावर पाण्याच्या सुमारे १,६०० टाक्या मांडून शास्त्रज्ञ वाट पाहत आहेत.

आता तुम्ही म्हणाल, शेत वाढवायचे तरी किती? तर मंडळी, हवेलाच शेत समजायचे. असा कण हवेवर आदळला की तुकड्यांचे तुकडे होत अब्जावधी कणांची सर कोसळते. इलेक्ट्रॉनांच्या अशा सरींचे गणित १९३७ साली आपल्या डॉ. होमी भाभांनी हाइटलर यांच्यासह मांडले. सर जाताना हवेतला नायट्रोजन क्षणमात्र अतिनील प्रकाशाने चमकतो. अवकाशातून खाली पाहिले, तर शेकडो किलोमीटर लांबरुंद हवा एका नजरेत येते.

२०१६ साली रशियाच्या लोमोनोसोव्ह उपग्रहावर अशी दुर्बीण गेली. २०१९ साली मिनी-युसो ही लहान दुर्बीण अवकाशस्थानकात पोहोचली. २०१७ आणि २०२३ साली न्यूझीलंडहून दुर्बिणींसह सोडलेले फुगे मात्र गळले आणि वेळेआधीच समुद्रात उतरले. एवढ्या ऊर्जेचा कण वरून पाहिल्याचा निर्विवाद पुरावा अजून हाती नाही. मग श्रम वाया गेले का? नाही. विजा, उल्का आणि शहरांचे दिवे वरून कसे दिसतात, ते कळले. पेरणीआधी रान ओळखावेच लागते.

गुरुजींनो, उद्या मुलांना गणित घाला: ३,००० चौरस किलोमीटरवर वर्षाला फार तर किती कण? आणि एक लाखावर? मात्र ही चमक चंद्र नसलेल्या काळोख्या रात्रीच टिपता येते, हेही सांगा. उत्तर काढताना दुर्बीण वर का न्यायची, ते मुलांना आपोआप उमगेल.