काचेंतला ओढा



तीन वर्षांपूर्वीं, सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच पावसाळ्यांत, मीं बारा झेब्रा मासे विकत आणले आणि पंधरा दिवसांच्या आंत त्यांपैकीं नऊ मारले. ‘मारले’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरीत आहें. पेटी नवी होती, पंप चालू होता, तळाशीं निळे-जांभळे खडे आणि मधोमध प्लॅस्टिकचा किल्ला होता. पहिला मासा मेला तेव्हां मीं सर्व पाणी उपसलें, फळा पुसावा तशी पेटी घासली, गाळणीचा स्पंज नळाखालीं खळखळून धुतला आणि पुन्हां नळाचेंच पाणी भरलें. नववा मासा बाहेर काढला त्या दिवशीं माझ्या नातीनें विचारलें, “आजोबा, पाणी तर स्वच्छ दिसतंय, मग मासे कां मेले?” सारा जन्म मुलांना प्रश्न विचारण्यांत घालविलेल्या माणसास या प्रश्नाचें उत्तर येत नव्हतें. तें शोधतांना जें हातीं लागलें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे पाण्यांत सतत अमोनिया सोडीत असतो. त्यास रंग नाहीं. पाणी आरशासारखें असूनही विषारी असूं शकतें. ओढ्यांत मात्र प्रत्येक गोट्यावर, मुळीवर, चिखलाच्या कणावर दोन प्रकारचे सूक्ष्म जंतु वस्ती करून असतात. पहिले अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचें नायट्रेट. पहिले दोन पदार्थ अल्प प्रमाणांतही घातक. तिसरा मासे बरेंच सोसतात, आणि वनस्पति तो खत म्हणून शोषून घेतात. नव्या पेटींत ही वस्ती नसते. ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मीं स्पंज धुतला तेव्हां जी थोडीफार वस्ती बसूं लागली होती, तीच गटारांत सोडली, आणि वर नळांतील क्लोरीनचा डोस पाजला!

येथें थोडें विषयांतर करतों. मास्तरांची ती खोडच आहे. १८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें लंडनच्या केमिकल सोसायटीपुढें एक निबंध मांडला. त्यानें पाण्याच्या पात्रांत वाळू, दगड, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति आणि दोन सोनेरी मासे ठेविले होते. वनस्पतीचीं जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें, तेव्हां त्यानें त्यांत तळ्यांतल्या गोगलगाई सोडल्या. त्यांनीं तीं पानें फस्त केलीं आणि पाणी निवळलें. वनस्पति प्राणवायु देते आणि गोगलगाय झाडलोट करते, हें बापानें पाहिलें. जंतूंचा भाग पुढें त्याच्याच मुलाकडे आला. त्याचेंही नांव रॉबर्ट वॉरिंग्टनच. इंग्लंडांतील रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत त्यानें दाखविलें कीं, अमोनियापासून नायट्रेट होण्याची क्रिया दोन टप्प्यांनीं होते व प्रत्येक टप्प्याचे जंतु निराळे असतात. बापाची नजर काचेच्या पात्रावर आणि मुलाची शेताच्या मातीवर. बापाच्या पात्रांतही हेच जंतु राबत होते, हें त्या बिचाऱ्यास ठाऊक नव्हतें!

आतां माझ्या दुसऱ्या प्रयत्नाकडे वळूं. या खेपेस मीं किल्ला माळ्यावर टाकला आणि एक जागा मनाशीं धरली: भातखाचराच्या कडेनें मंद वाहणारा ओढा. कारण झेब्रा मासा मूळचा तेथलाच आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ मध्यें गंगेच्या खोऱ्यांतील माशांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत याचें पहिलें शास्त्रीय वर्णन आहे.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पाणी सुमारें ५६ लिटर. म्हणजे नुसत्या पाण्याचेंच वजन ५६ किलो, तेव्हां टीपॉयचा विचार सोडून द्यावा. तळाशीं धुतलेली जाड वाळू, वर आपले काळे गोटे. अनोळखी दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहावे; बुडबुडे आले तर त्यांत चुना आहे, तो पाणी जड करील. शिंपल्यांचेंही तेंच. दोन-तीन वाळलेलीं बदामाचीं पानें टाकलीं. त्यांनीं पाण्यास फिक्या चहाचा रंग येतो. आमच्या घरांतून त्यावर नाराजी व्यक्त झाली, परंतु ओढ्याचें पाणी तसेंच असतें. व्हॅलिस्नेरिया मागील बाजूस लावली. दिवा रोज सात तास, त्याहून अधिक नाहीं. पेटी खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये, नाहीं तर शेवाळाचें राज्य होतें.

पाणी बादलींत रात्रभर ठेविलें कीं क्लोरीन उडून जातें, असें म्हणतात. साधें क्लोरीन बहुतेक जातें. परंतु कांहीं शहरांत क्लोरामाइन घालतात, तें तसें जात नाहीं. दुकानांत मिळणारे क्लोरीननाशक थेंब वापरणें हेंच बरें.

मग एका स्नेह्याच्या जुन्या पेटींतील मळका स्पंज आणून माझ्या गाळणींत ठेविला, रोज चिमूटभर खाद्य कुजण्यास टाकलें आणि वाट पाहिली. मासा एकही नाहीं! नात रोज विचारी, “आज?” मी परीक्षानळी काढून तिला रंग दाखवी. तिसऱ्या आठवड्यांत नायट्राइट चढलें. खाद्य टाकीत असूनही अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येण्यास आणखी तीन आठवडे लागले. तेव्हां मीं अर्धेंअधिक पाणी बदलून नायट्रेट उतरविलें आणि सहा मासे आणले. हे कळपाचे मासे. सहांहून कमी ठेवूं नयेत. दिवसांतून एकदांच, दोन मिनिटांत संपेल एवढें खाद्य. आठवड्यास एक चतुर्थांश पाणी बदलावयाचें, आणि स्पंज त्या काढलेल्या पाण्यांतच पिळावयाचा.

एक पत्रलेखक विचारतात, ओढ्यांतूनच मासे धरून आणूं नयेत काय? मी म्हणेन, नयेत. केरळ-कर्नाटकांतील नद्यांत तांबड्या पट्ट्याचा एक देखणा मासा आहे. शास्त्रज्ञांनीं २०१३ मध्यें त्याच्या प्रजातीस ‘सह्याद्रिया’ असें नांव दिलें. शोभेसाठीं तो इतका धरला गेला कीं आज तो संकटग्रस्तांच्या यादींत आहे. पैदास केलेलेच मासे मागून घ्यावेत. आणि पेटीचा कंटाळा आला म्हणून तिच्यांतील जीव नदींत सोडूं नयेत. काचेवरील शेवाळ खाणारा दक्षिण अमेरिकेंतील हाडांच्या कवचाचा मासा असाच सुटून आपल्या नद्यांत माजला आहे.

वेळ संपत आली. गेल्या महिन्यांतली गोष्ट. झेब्रा पहाटे अंडीं घालतात आणि लगेच तींच शोधून खातात, म्हणून पिलांची आशा मीं धरली नव्हती. नात सकाळीं पेटीसमोर बसली आणि म्हणाली, “आजोबा, सात आहेत.” मीं म्हटलें, नीट मोज. तिनें पुन्हां मोजले. बदामाच्या पानाआडून दोऱ्याएवढें कांहींसें निघालें, आणि पुन्हां आंत गेलें.