पाखरांच्या शाळेत
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)

 

आजचा विषय पाखरांचा आहे. परीक्षेच्या दिवसांत हे काय मधेच, असे काही पालकांच्या मनात येईल. पण माणसाने पाखरांकडून जेवढे घेतले आहे, तेवढे फार थोड्या गुरूंकडून घेतले असेल.

आपल्याच घरापासून सुरुवात करू. कुरआन शरीफमध्ये काबीलला भावाचे प्रेत कसे पुरावे हे कळेना, तेव्हा जमीन उकरून दाखवणारा कावळा आला. हजरत सुलेमान यांना सबाच्या राणीची खबर आणून दिली ती हुदहुदने. पुढे फरीदुद्दीन अत्तार या फारसी कवीने त्याच हुदहुदला सगळ्या पाखरांचा वाटाड्या केले. आता शेजारच्या घरात डोकावा. पितृपक्षात तेथे कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवल्याशिवाय घरच्यांच्या मनाला समाधान नाही. धर्म निराळे, रीती निराळ्या, पण कावळा दोन्ही घरी मानाचा! कल्याणच्या किंवा मुंब्र्याच्या गल्लीत तो दोघांच्याही खिडकीत बसतो.

आता बादशहांकडे वळू. जहांगीर बादशहाने सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली होती आणि त्यांची नावे ठेवली होती लैला आणि मजनू. पण तो नुसती मौज करून थांबला नाही. ती जोडी अंडी कशी उबवते, पिलांची काळजी कशी घेते, हे त्याने पाहिले आणि आपल्या आठवणींत लिहून ठेवले. त्याच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने पक्ष्यांची चित्रे अशी काढली की आजचे शास्त्रज्ञही ती पुरावा म्हणून पाहतात. पाहणे आणि नोंदवणे, विद्येची सुरुवात येथूनच होते.

ही परंपरा पुढे चालवली ती मुंबईच्या एका सुलेमानी बोहरा घराण्यातील मुलाने. सालिम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा. आईबाप लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळले. दहा-बारा वर्षांच्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा कोणता पक्षी, असे त्याने विचारले. मामांनी ‘गप्प बस, अभ्यास कर’ असे म्हटले नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे पाठवले. पालकहो, हिंदुस्थानचे पक्षीशास्त्र एका मामाच्या त्या एका चिठ्ठीने किती पुढे गेले!

रस्ता सोपा नव्हता. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. जर्मनीत शिकून 1930 साली परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तेथे सुगरण पक्ष्याचा अभ्यास करू लागले. त्यांनी जे पाहिले ते मोठे गमतीचे आहे. आपण नाव ठेवले सुगरण. कवयित्री बहिणाबाईंनीही त्या खोप्याचे श्रेय मायेच्या सुगरणीलाच दिले. पण खोपा विणणारा असतो नर! तो अर्धा खोपा विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच ती राहते. मग नर उरलेले काम पुरे करतो आणि दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतो. कवितेतली माया खोटी ठरत नाही, आणि शास्त्रातले सत्यही लपत नाही. शिकलेल्या माणसाने दोन्ही जपावीत.

1941 मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक आले. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 1987 मध्ये ते गेले, तोवर ‘पक्षी म्हणजे सालिम अली’ हे समीकरण होऊन बसले होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला किहीमपर्यंत जाण्याचीही गरज नाही. आपली ठाण्याची खाडी 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेली. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित तेथील चिखलात चोच उलटी करून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातात. त्याच खाण्याने त्यांचा रंग गुलाबी होतो. त्या चिखलात आपण प्लॅस्टिक टाकले, खारफुटी तोडली, तर पाहुणा येईल कसा? आणि खारफुटी गेली तर भरतीचे पाणी अडवणार कोण?

आता थोडे कडू बोलतो. आपल्यापैकी काही घरांत पोपटाचा पिंजरा आहे. लाडाने ठेवला आहे, हे मला माहीत आहे. पण रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बाजारात येणारी पिले ढोलीतून ओरबाडलेली असतात. वाटेत किती मरतात याचा हिशेब कोणी ठेवत नाही. ज्या मुलाला आपण दया शिकवतो, त्याच्यासमोर तो पिंजरा काय शिकवतो? घरचा पोपट एकदम सोडूनही देऊ नका. त्याला उडण्याचा सराव राहिलेला नसतो. वनखात्याला कळवा, आणि नवा विकत घेऊ नका. संक्रांतीच्या नायलॉन मांजावर 2017 पासून बंदी आहे. तो मुलांच्या हाती देऊ नका.

शेवटी एक गृहपाठ. मारुती चितमपल्ली यांनी रानावनांत फिरून पक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे गोळा केली आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. 2025 मध्ये ते गेले, पण काम संपलेले नाही. आपल्या कोकणी घरांत, आगरी-कोळी शेजाऱ्यांत, अजूनही आजी-नानींच्या तोंडी पाखरांची जुनी नावे आहेत. प्रत्येक मुलाने एक वही करावी. खिडकीतून दिसलेला पक्षी, तारीख, वेळ, आणि आजीने सांगितलेले नाव, एवढेच लिहावे. पालकांनी त्या वहीवर रागावू नये. गुण त्याने कमी होणार नाहीत. डोळे मात्र उघडतील.

प्रश्न विचारणारे मूल आणि ‘चल, विचारून येऊ’ म्हणणारा वडीलधारा, एवढे दोघे घरोघरी निर्माण झाले तर आपल्या संस्थेचे श्रम सार्थकी लागतील.