दगडी झालेली कास आणि औषधाची पारख



सकाळी धार काढायला बसलात आणि गाईनं लाथ झाडली. कास हाताला गरम लागली, एक सड कडक झालेला, आणि धारेबरोबर दह्यासारख्या गुठळ्या आल्या, की आपण म्हणतो, दगडी झाली. पुस्तकात याला कासदाह म्हणतात. मग मागल्या खेपेची उरलेली ट्यूब फडताळातून निघते, नाहीतर शेजारी सांगतो, 'आमच्या म्हशीला अमक्या इंजेक्शनानं गुण आला.' दोन दिवस ते, दोन दिवस दुसरं. तोवर कास आतून घट्ट होते आणि तो सड पुढच्या वेतालाही पुरतं दूध देत नाही. तीन सडांच्या गाईला बाजारात काय किंमत येते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दगडी अनेक जंतूंनी होते. त्यातला मोठा हट्टी म्हणजे स्टॅफिलोकॉकस. सूक्ष्मदर्शकाखाली तो द्राक्षांच्या घडासारखा दिसतो. ग्रीक भाषेतल्या घडावरूनच त्याचं नाव पडलं. 1928 साली लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशीजवळचे हेच जंतू विरघळलेले दिसले आणि त्यातून पेनिसिलिनचा शोध लागला. आता मात्र यातले पुष्कळ जंतू पेनिसिलिन तोडून टाकणारा रस स्वतःच तयार करतात. दाद देणारा कोणता आणि न देणारा कोणता, हे नुसतं कासेकडं बघून डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

म्हणून दूध प्रयोगशाळेत पाठवायचं. तिथं आधी दुधातले जंतू वाढवून ओळखतात. मग बशीत खरवसासारखा थिजलेला थर असतो, त्यावर ते जंतू सारखे पसरतात आणि वर निरनिराळ्या औषधांच्या 6 मि.मी. रुंदीच्या कागदी टिकल्या ठेवतात. बशी 35 अंश उबेत 16 ते 18 तास राहते. जिथं औषध लागू पडतं तिथं टिकलीभोवती स्वच्छ रिंगण उठतं; बाकी जागेवर जंतूंची साय धरते. रिंगण पट्टीनं मोजतात. पण मोठं रिंगण म्हणजे चांगलं औषध, असं नाही बरं का! सध्याच्या तक्त्यांप्रमाणे जेंटामायसिनला 15 मि.मी. रिंगण पुरतं, पण पेनिसिलिनला 29 लागतं. पेनिसिलिनभोवती 25 दिसलं तरी ते औषध बाद. तेव्हा कागद डॉक्टरांनाच वाचू द्या.

एका शेतकऱ्यानं माझ्याकडं दूध आणलं ते चहाच्या बाटलीत, तेही ट्यूब सोडल्यावर दुसऱ्या दिवशी. त्यात शेणातले जंतू भरपूर वाढले, खरा चोर सापडलाच नाही. चूक त्याची नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही असं करा. औषध देण्याआधी नमुना घ्या. निर्जंतुक बाटली दवाखान्यातूनच मागून आणा. हात आणि सड धुऊन कोरडे करा. सडाचं टोक स्पिरिटच्या कापसानं, कापूस मळणार नाही इतकं पुसा. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात सोडा. मग बाटली आडवी धरून चमचाभर दूध घ्या, बाटलीवर गाय आणि सड लिहा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात; तोवर उपचार थांबवायचे नाहीत. नमुना घेतला की डॉक्टर औषध सुरू करतील आणि कागद आल्यावर लागलं तर बदलतील.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगतो. बशीत मरणारा जंतू कासेत मरेलच असं नाही. जुनी दगडी असेल तर तो कासेच्या पेशींत आणि गाठींत दडून बसतो, तिथं औषध पोचत नाही. अशा गाईला पुष्कळदा आटवताना सडात औषध भरणं अधिक उपयोगी पडतं. तोवर तिची धार सगळ्यांत शेवटी काढा, नाहीतर तुमचेच हात रोग पुढच्या गाईला देतील.

आणि औषध चालू असताना, शिवाय डॉक्टर सांगतील तितके दिवस नंतरही, चारही सडांचं दूध डेअरीला घालू नका, घरातल्या पोरांनाही देऊ नका. त्या दुधाला विरजण नीट लागत नाही, हे आपल्या घरच्या बायकांनी कधीच ओळखलेलं आहे.