पेटीतले जुने कागद



१९९३ साली चीनमधील ग्वोत्यान येथे एका कबरीत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले ग्रंथ सापडले. सुमारे २३०० वर्षांपूर्वीचे! लाओत्से या तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचा सर्वांत जुना पाठ त्यांत मिळाला.

आपल्याकडे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये मराठीत ‘योगसंग्राम’ रचला. कोणी त्याच्या हस्तलिखित नकला जपल्या, म्हणूनच तो छापखान्यापर्यंत पोहोचला. इतिहासाचार्य राजवाडे तर अशा कागदांसाठी गावोगाव हिंडले.

आपल्या घरच्या पेटीतही आजोबांचा मोडीतला कागद, उर्दूतले पत्र असेल. ते रद्दीत देण्यापूर्वी किंवा अदब म्हणून विहिरीत सोडण्यापूर्वी जाणकाराला दाखवा. कागद गेला की आपली साक्षही गेली.