क्षयाचा तोतया

खोकला बरेच दिवस जात नाही, संध्याकाळी कणकण वाटते, वजन उतरते आणि एक्स-रेमध्ये छातीत गाठी दिसतात. एवढे ऐकले, की घरातली वडीलधारी माणसेसुद्धा 'क्षय' म्हणून मोकळी होतात. आपल्याकडे बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण छातीच्या विकारांवर उपचार करताना, हुबेहूब असाच दिसणारा दुसरा एक आजार मला अधूनमधून भेटतो. त्याचे नाव सार्कॉइडोसिस.

१८९९ साली नॉर्वेतील त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोक यांनी कातडीवरच्या गाठींचे वर्णन करताना 'सार्कॉइड' हा शब्द वापरला. पुढे उमगले, की हा नुसता कातडीचा आजार नाही. यात शरीराची संरक्षक यंत्रणा खवळते आणि तिच्या पेशींचे सूक्ष्म पुंजके अवयवांत जमतात. सर्वाधिक फुफ्फुसात व त्यालगतच्या लसिकाग्रंथींत. शिवाय डोळे, सांधे, यकृत, मेंदू, हृदय यांतही. नेमके कारण अजून सापडलेले नाही. मात्र तो एकाचा दुसऱ्याला होत नाही.

रुग्ण डोळा लाल झाला म्हणून नेत्रतज्ज्ञाकडे जातो, घोटे सुजले म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे आणि धाप लागली म्हणून आमच्याकडे. तीन तक्रारी, तीन फायली. त्या एका टेबलावर आल्या, तरच संशय येतो.

संशयानंतर खरी कसोटी. असे पुंजके क्षयातही होतात. क्षयात त्यांच्या मध्यभागी बहुधा चीजसारखा भुसभुशीत मृत भाग असतो, सार्कॉइडोसिसमध्ये सहसा नसतो. दंडावरची... खरे तर हातावर सुई टोचून करतात ती मांटू चाचणीही यात बरेचदा निगेटिव्ह येते. पण एकाच चाचणीवर भिस्त ठेवता येत नाही. म्हणून आम्ही दुर्बिणीतून गाठीचा नमुना घेतो, त्यात क्षयाचे जंतू शोधतो आणि कल्चरच्या अहवालासाठी काही आठवडे थांबतो.

एवढी खातरजमा कशासाठी? कारण उपचार परस्परविरोधी आहेत. सार्कॉइडोसिसला लागणारे स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबते. क्षय लपलेला असेल तर तो फोफावतो. उलट, क्षयाच्या गोळ्यांनी सार्कॉइडोसिस हटत नाही. यकृताला त्रास होऊ शकतो तो वेगळाच, आणि तेवढ्या महिन्यांत नजर अधू होऊ शकते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून निदान झाल्यावर डोळ्यांची तपासणी व ईसीजी करून घ्यावा.

रक्तातील कॅल्शियमही तपासावे. हे पुंजके स्वतःच क्रियाशील 'ड' जीवनसत्त्व तयार करतात. तेव्हा अशक्तपणा वाटतो म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत.

दिलाशाची गोष्ट म्हणजे अनेकांचा हा आजार औषधाविना ओसरतो. फक्त नियमित तपासणी हवी. मात्र हे ऐकून कुणी क्षयाची औषधे मनाने बंद करू नयेत. उपचार सुरू असूनही उतार पडत नसेल, तर सगळ्या तक्रारी, जुने एक्स-रे आणि अहवाल एकत्र घेऊन डॉक्टरांना विचारावे, "नमुना तपासून क्षयाची खात्री झाली आहे ना?" हा प्रश्न विचारण्यात संकोच कसला!